मूळ स्रोत सादर करावा

३ फेब्रुवारी, सोमवार

नव्या मूल्यमापनाच्या प्रशिक्षणात आज एका तरुण तज्ज्ञ बाईंनी सांगितलं, की जो शिक्षक काही नवीन करून बघणार आहे त्याने नोंदी ठेवाव्यात. मनात येईल ते लिहायचं, कोणाला दाखवायचं नाही. म्हणून ही वही. मुलांनी न नेलेल्या प्रात्यक्षिकाच्या वह्यांच्या गठ्ठ्यातून काढली आहे, त्यामुळे डावं पान आलेखाचं आणि उजवं रेघांचं. मी उजव्या पानांवर लिहीन. डावी कोरी राहतील, त्याला माझा इलाज नाही.

तर झालंय असं. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला उष्मागतिकी शिकवतो. उष्णता कुठून कुठे जाते, का जाते आणि तिच्याकडून काम कसं करून घ्यायचं, एवढाच विषय. सत्तावीस वर्षं शिकवतोय. गंमत अशी, की सत्तावीस वर्षं मुलं त्याच तीन प्रश्नांची तीच तीन उत्तरं घोकून येतात. मागच्या वर्षी एकाने माझ्या नोट्समधली खाडाखोडसुद्धा जशीच्या तशी उत्तरपत्रिकेत उतरवली. खोडलेला शब्द आधी लिहून मग खोडला होता. त्या दिवशी म्हटलं, आता पुरे.

यंदा अंतर्गत परीक्षेच्या चाळीस गुणांना लेखी पेपर नाही. पाच-पाच जणांचा गट, पाच मिनिटांचा व्हिडिओ. उष्मागतिकीतली कुठलीही एक कल्पना घरच्या माणसाला समजेल अशी सांगायची. विभागप्रमुख मॅडम माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत आणि एकेकाळी माझ्याच वर्गात बसायच्या. त्या म्हणाल्या, "सर, कल्पना छान आहे, पण गुण कसे देणार?" मी म्हटलं, "सोपं आहे." त्या का हसल्या ते कळलं नाही.

आता एकच शेवटचं लिहितो आणि थांबतो. गुण कसे द्यायचे हे मला खरोखरच माहीत नाही. चित्रपट बघून गुण द्यायला मी काय समीक्षक आहे? आवाज नीट नसेल पण कल्पना नेमकी असेल तर? पोरगं दिसायला गोड असेल आणि चूक बोलत असेल तर? प्रशिक्षणातल्या बाईंनी एक तक्ता दिला: आशयाला वीस, मांडणीला दहा, नावीन्याला दहा. नावीन्य कशाने मोजतात ते तक्त्यात नव्हतं. शिवाय पाच जणांत राबणारा एक आणि नाव लावणारे चार, हे तर ठरलेलंच. हिला विचारलं, तर ही म्हणाली, "आधी शर्टाच्या उजव्या बाहीचं काय करायचं ते बघा. खडूची भुकटी धुवून जात नाही." डस्टर वापरत जा म्हणे. मी डस्टरच वापरतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

वर्गात जाहीर केलं. एकदम बाजार. पंचावन्न मुलं, अकरा गट.

पुढच्या बाकावर एक मुलगी बसते. तिला मी मनातल्या मनात शंकेखोर म्हणतो, कारण हजेरीला "उपस्थित" म्हणतानाही तिचा हात वर असतो. तिने विचारलं, "सर, विनोदी चालेल का?" मी म्हटलं, "विषयाला धरून असेल तर चालेल." "आणि नाटुकलं? पात्रं वगैरे?" "चालेल." "कुठलंही पात्र?" म्हटलं, "अगं, कुठलंही!" मागच्या बाकांवर कुजबुज झाली. उत्साह बघून बरं वाटलं.

मात्र नियमांच्या कागदावर मी एक कलम स्वतःच्या हाताने घातलंय: दोन किंवा अधिक गटांच्या व्हिडिओंत लक्षणीय साम्य आढळल्यास ती नक्कल समजून प्रकरण परीक्षा समितीकडे जाईल. मॅडम म्हणाल्या, इतकं कडक कशाला? मी म्हटलं, खाडाखोडसुद्धा उतरवणारी जात आहे ही. कलम राहिलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तेरा दिवस काही लिहिलं नाही, कारण महाविद्यालयात चित्रीकरण सुरू आहे आणि माझं डोकं ठिकाणावर नाही. जिन्यात पोरं, व्हरांड्यात पोरं. काल प्रयोगशाळेत दोन मुली गरम चहात तापमापी बुडवून दर मिनिटाला ओरडून आकडा सांगत होत्या आणि तिसरी फोन धरून खुर्चीवर उभी. प्रयोगशाळेतल्या मदतनिसांना सगळे मामा म्हणतात, मीसुद्धा म्हणतो. ते तक्रार घेऊन आले, "सर, दोन तापमाप्या फुटल्या आणि एक माझा कप गेला." पण त्यांनीही एका व्हिडिओत काम केलंय, असं नंतर कळलं. वाफेच्या इंजिनाचं काम. नुसता आवाज काढायचा होता.

खरं सांगायचं तर मी खूश आहे. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मुलं मला परीक्षेत न येणारे प्रश्न विचारायला येताहेत. एका गटाचं भांडण सोडवलं (राबणारा एक, नाव लावणारे चार, म्हटलं नव्हतं?). एका गटात कोणाकडेच धड फोन नव्हता, त्यांना मॅडमनी स्वतःचा दिला.

शंकेखोर शिफारसपत्र न्यायला आली होती. तिला दूरच्या एका मोठ्या संस्थेत पदव्युत्तरला जागा मिळाली आहे. तिची आई शिवणकाम करते, घरात इतकं शिकलेलं कोणी नाही. अट एकच: सगळ्या अंतर्गत गुणांचा शिक्क्याचा दाखला ३१ मार्चला दुपारी बाराच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर जागा पुढच्याला. मी म्हटलं, "महिनाभर आधीच देऊ, काळजी करू नकोस." मग चष्मा सापडेना म्हणून पत्रावर सही राहिली. शेवटी तिनेच दाखवला. कपाळावर होता.

३ मार्च, सोमवार

व्हिडिओ आले. ही बहिणीकडे गेलीय आठवडाभर, घर रिकामं, चहाचा थर्मास भरून सकाळी बसलो.

पहिलाच बघून थक्क झालो. आवरलेली खोली आपोआप पसरते पण पसरलेली आपोआप आवरत नाही, हे इतकं झकास दाखवलंय, की मी हे शिकवायला तीन तास घेतो याची लाज वाटली. त्यात एक विनोदी मास्तर आहे. ढगळ शर्टातला मुलगा. तो सारखा "आता गंमत बघा" म्हणतो आणि पुढे गमतीचं काहीच नसतं. हातात डस्टर असून फळा बाहीनेच पुसतो. कपाळावरचा चष्मा टेबलाखाली शोधतो. घंटा वाजली की "शेवटचं एकच वाक्य" म्हणतो आणि मग त्याचं वाक्य संपतच नाही, मुलं खिडकीतून पळून जातात. मी हसून हसून बेजार झालो. असला मास्तर कोणाच्या नशिबी येऊ नये. चाळीसपैकी अडतीस दिले.

दुसऱ्यात मोज्याची बाहुली. तीही "गंमत बघा" म्हणते. बाहुलीच्या डोक्यावर चष्मा. म्हटलं, योगायोग.

तिसरा चहाच्या कपाचा. साधा, उत्तम. चौथ्यात एक मुलगी ओठावर काजळाची मिशी काढून उभी, आणि पुन्हा बाही, पुन्हा "शेवटचं एकच वाक्य". ही शंकेखोरच. तिने तर चालसुद्धा बसवलीय, एक खांदा पुढे काढून, बोळातून वाट काढत चालल्यासारखी. अशी कोण चालतं?

अकरा पाहून झाले. सातांत तोच मास्तर! एकात चित्ररूपात, एकात नुसता आवाज. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. म्हणजे इतकं करून, इतका विश्वास टाकून, पोरांनी पुन्हा उतरवलंच. इंटरनेटवर कुठेतरी हा मास्तर असणार, कोणाच्यातरी विनोदी मालिकेतला. दुपारभर शोधला. दहा प्रकारच्या शोधशब्दांनी शोधला. सापडला नाही. चांगलाच लपवलाय.

४ मार्च, मंगळवार

मामांना एक तुकडा दाखवला, म्हटलं, "हे पात्र कुठे पाहिलंय का?" मामांना खोकल्याची उबळ आली आणि ते बाहेर गेले, ते आलेच नाहीत. छातीचं दाखवून घ्यायला सांगितलं पाहिजे त्यांना.

मॅडमनी तीन व्हिडिओ पूर्ण पाहिले. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, हे तुम्हाला ओळखीचं नाही वाटत?"

"वाटतंय ना! तेच तर म्हणतोय, कुठूनतरी उचललंय."

"सर, एकदा शांतपणे बघा पुन्हा. तक्रारीची घाई नको."

"मॅडम, नियम तो नियम. मीच लिहिलाय."

त्या अजून काही म्हणणार होत्या. मी तक्रार लिहून परीक्षा समितीकडे दिलीसुद्धा. समितीच्या अध्यक्ष इतिहासाच्या मॅडम आहेत. त्यांचा दरारा असा, की शिपाईसुद्धा त्यांच्या दालनाबाहेर चप्पल न वाजवता जातो. त्यांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अर्ज वाचला. "सर, सात गटांनी एकच माणूस उचललाय असं तुमचं म्हणणं?" म्हटलं, "हुबेहूब." त्यांनी शिक्का मारला.

७ मार्च, शुक्रवार

सातही गटांच्या प्रमुखांना बोलावलं. सगळे जमिनीकडे बघत उभे. मी म्हटलं, "खरं सांगा, कुठून घेतलं? सांगितलंत तर मी रदबदली करीन."

शेवटी शंकेखोर म्हणाली, "सर, इंटरनेटवरून नाही घेतलं."

"मग?"

"एकाच ठिकाणाहून घेतलं सर, पण ते सांगता नाही येणार."

म्हणजे कबुली. मला राग आला, पण त्याहून वाईट वाटलं. विशेषतः तिचं.

संध्याकाळी परगावच्या लेकीला फोनवर सगळं सांगितलं. मास्तरचं वर्णन ऐकून ती इतकी हसली, की फोन खाली पडल्याचा आवाज आला. "बाबा, मिळेल हो तुम्हाला तो माणूस," म्हणाली, "फार लांब नसेल." आजकालच्या मुलांना नक्कल म्हणजे काही गुन्हाच वाटत नाही. माझ्या पोटच्या पोरीलासुद्धा नाही.

१४ मार्च, शुक्रवार

समितीने सात गटांचे गुण रोखले. पस्तीस मुलं. निकाल लागेपर्यंत कोणालाही दाखला मिळणार नाही, आणि समितीचं कामकाज म्हणजे एप्रिल उजाडणार.

शंकेखोर आली. तिने ३१ तारखेची आठवण करून दिली नाही, तरी ती तारीख माझ्या टेबलावर बसल्यासारखी वाटत होती. मी म्हटलं, "अगं, नाव सांग ना. कोणाला वाचवतेयस? ज्याचं पात्र उचललं त्याचं नाव सांगितलंस, की मी समितीला म्हणेन मुलांनी सहकार्य केलं, निदान तुझा दाखला सोडा."

ती म्हणाली, "सर, सांगितलं तर जास्त वाईट होईल."

"कोणाचं?"

तिने डोळे पुसले आणि नकारार्थी मान हलवली. स्वतःची जागा जाऊ द्यायला तयार आहे आणि कोणा भामट्याचं नाव घ्यायला तयार नाही! हट्टी मुलगी. मला मात्र दिवसभर काही सुचलं नाही. जेवणसुद्धा गेलं नाही. तक्रार केली नसती तर बरं झालं असतं, असं दोनदा मनात आलं. मग म्हटलं, नियम आपणच केलाय.

१९ मार्च, बुधवार

एक कल्पना सुचली. मुलांना मुळात स्वतंत्र व्हिडिओ म्हणजे काय हेच कोणी दाखवलेलं नाही. मीच एक नमुना करतो. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल आणि समितीलाही कळेल, की नक्कल न करता पाच मिनिटं बोलता येतं. विषय: उष्णतेचं इंजिन शंभर टक्के काम का करत नाही. मामांच्या हातात फोन दिला. मामा म्हणाले, "सर, नक्की करायचं?" म्हटलं, "सोपं आहे मामा, लाल बटण दाबायचं." एकदाच घेतलं. पाच मिनिटांचं ठरलं होतं, एकवीस झाली. मामांचा फोन हलत होता. हसत होते की काय कोण जाणे.

२० मार्च, गुरुवार

भयंकर प्रकार. व्हिडिओ पाहिला. मला लागण झालीय! मुलांचे ते व्हिडिओ बघून बघून मीही तसाच करायला लागलोय. "आता गंमत बघा" सहा वेळा. बाही. तो पुढे काढलेला खांदा. चष्मा शोधतानाचं तर मला बघवेना. माणसाच्या मनावर दृश्याचा केवढा परिणाम होतो!

हिला हाक मारली. म्हटलं, "बघ, मला काय झालंय. महिन्यापूर्वी मी असा नव्हतो."

हिने पाच मिनिटं पाहिलं. मग माझ्या शेजारी बसली. ही सहसा अशी बसत नाही, कामात असते.

"अहो," म्हणाली, "लग्नाच्या आधी बघायला आला होतात ना, तेव्हा माझ्या वडिलांना फुंकर मारली की चहा लवकर का निवतो ते समजावून सांगितलंत. निघताना दारात 'शेवटचं एकच वाक्य' म्हणालात आणि पाऊण तास उभे होतात. बाबा म्हणाले, मुलगा चांगला आहे, फक्त जेवणाच्या वेळी बोलवायचा नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय? तुम्ही पहिल्यापासून असेच आहात."

मग तिने मुलांचा व्हिडिओ मागितला. शंकेखोरचा लावला. ही आधी हसली, मग हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला, आणि मग म्हणाली, "कित्ती बारीक बघितलंय हो पोरीने."

२१ मार्च, शुक्रवार

आज रजा टाकली. असं वाटतंय, की सत्तावीस वर्षं मी भर रस्त्यातून उलटा शर्ट घालून चालत होतो आणि कोणी सांगितलं नाही. मामांचा खोकला, मॅडमची खिडकी, लेकीचा पडलेला फोन. सगळ्यांना ठाऊक होतं. मला फार अपमान वाटला. दुपारपर्यंत मुलांचाही राग आला: माझी टिंगल करतात!

मग सातही व्हिडिओ पुन्हा पाहिले, या वेळी मास्तरकडे लक्ष देऊन. मास्तर वेंधळा आहे, पण सातांतल्या एकाही व्हिडिओत तो चुकीचं सांगत नाही. अवघड जागा आली की प्रत्येक वेळी तोच येतो आणि सोडवून देतो. शंकेखोरच्या व्हिडिओतही मुलं खिडकीतून पळतात, पण त्यानंतर एक कोपऱ्यात बसून राहते, आणि मिशीवाला मास्तर तिच्या एकटीसाठी पूर्ण फळा भरतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा साम्य मोजत होतो, त्यामुळे दिसलंच नव्हतं.

आणि त्या पोरीने माझं नाव घेतलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून. इकडे मी तिला विचारतोय, कोणा भामट्याला वाचवतेयस!

२४ मार्च, सोमवार

तक्रार मागे घ्यायला गेलो. इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, "सर, अशी मागे घेता येत नाही. नोंद झालीय." त्यांनी नियमावली उघडून माझ्यापुढे सरकवली. प्रकरण बंद करायचे दोनच मार्ग: नक्कल सिद्ध होऊन शिक्षा, किंवा मूळ स्रोत समितीसमोर सादर करून, त्याचा वापर मान्य परवानगीने झाल्याची खात्री.

"मूळ स्रोत सादर करावा," त्यांनी बोट ठेवून वाचलं.

मी घसा साफ केला. "मॅडम, स्रोत सापडलाय."

"कोण?"

"मीच."

त्यांनी चष्मा काढला. आतापर्यंत त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं, आजही त्या हसल्या नाहीत, पण त्यासाठी त्यांना बरेच कष्ट पडले. "लेखी द्या," म्हणाल्या. "गुरुवारी अकराला या. परवानगीचं काय?"

म्हटलं, "वर्गात एका मुलीने विचारलं होतं, कुठलंही पात्र चालेल का. मी हो म्हणालो होतो."

अर्ज लिहायला दीड तास लागला. 'सातही गटांनी एकाच स्रोताचा आधार घेतला असून सदर स्रोत म्हणजे अर्जदार स्वतः होय.' हे वाक्य सत्तावीस वर्षांच्या नोकरीत लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. सही केली. हसू की रडू, ते ठरत नव्हतं.

२७ मार्च, गुरुवार

सविस्तर लिहितो.

समितीची खोली म्हणजे जुना वर्ग, फळ्यासकट. इतिहासाच्या मॅडम, ग्रंथपाल, आमच्या विभागप्रमुख. भिंतीशी सात गटांचे प्रमुख. माझा अर्ज मोठ्याने वाचला गेला. मी फळ्यावरच्या एका खिळ्याकडे बघत होतो. मुलांकडे बघण्याची हिंमत नव्हती.

मग शंकेखोरचा व्हिडिओ लावला आणि अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, "आता स्रोत. सर, पाच मिनिटं काहीही शिकवा. साम्याची खात्री करून घ्यायची आहे."

उठलो. आणि काय सांगू, मला शिकवताच येईना! हात कुठे ठेवायचे कळेना. खांदा पुढे जातोय का म्हणून ताठ चाललो. "गंमत" शब्द जिभेवर आला तो गिळला. डस्टरने फळा पुसला. चष्मा नाकावर ठेवला आणि वारंवार चाचपला. बातम्या वाचणाऱ्या माणसासारखा चार मिनिटं बोललो आणि बसलो.

ग्रंथपाल हळूच म्हणाले, "हे काही जुळत नाही."

अध्यक्ष मॅडमनी पेन उचललं. "सर, मला माहीत आहे तुम्ही कसे शिकवता. पण मी जे पाहिलं तेच लिहू शकते. साम्य आढळलं नाही, असं लिहावं लागेल."

म्हणजे मुलं नक्कलखोर ठरणार, एकतीस तारीख जाणार, आणि तेही मी ताठ चाललो म्हणून. मी म्हटलं, "मॅडम, पुन्हा एकदा करतो." पण मुद्दाम कसं करणार? आपण कसे आहोत ते आपल्याला मुद्दाम करता येत नाही.

तेवढ्यात भिंतीशी हात वर झाला. "सर, एक शंका आहे."

अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, "ही शंकांची वेळ नाही."

मी म्हटलं, "विचार."

"फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो ना सर? मग उन्हाळ्यात फ्रिजचं दार उघडं ठेवलं, तर खोली गार का होत नाही?"

मी म्हटलं, "अगं, होत नाही काय, उलट तापते! सोपं आहे." आणि उठलो. फ्रिज काढला, खोली काढली, मागची जाळी काढली. आतून जेवढी उष्णता उचलली तेवढी मागे याच खोलीत टाकली, वर मोटरची स्वतःची उष्णता, तीही याच खोलीत. बाण चुकीचा आला तो पुसला. ग्रंथपाल म्हणाले, "पण दारासमोर उभं राहिलं की गार लागतं की." म्हटलं, "तेच! पुढे गार लागतं, मागे जाळीला हात लावा! आता गंमत बघा..." मग अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, "आणि ती मागची जाळीच खिडकीबाहेर काढली तर?" मी आनंदाने ओरडलोच, "मॅडम, तुम्ही आत्ता खोली गार करणारं यंत्र शोधलंत!" त्या चक्क लाजल्या. पुढच्या तासाची घंटा झाली. मी म्हटलं, शेवटचं एकच वाक्य.

वळलो तेव्हा फळा भरलेला होता, बाही पांढरी होती आणि साडेबारा झाले होते. मामा दारात उभे राहून ऐकत होते. खिडकीतून कोणी पळालं नव्हतं. अध्यक्ष मॅडमनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: "मूळ स्रोत समितीसमोर सादर. चालू स्थितीत आढळला. मुलांचे गुण आजच सोडावेत."

विभागप्रमुख मॅडम टाळ्या वाजवायला लागल्या. मुलंही. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी फळा पुसला.

दुपारी व्हरांड्यात शंकेखोर शिक्क्याचा दाखला घेऊन उभी होती. मी म्हटलं, "मला सांगायचंस ना गं. तुझी जागा गेली असती."

"सर, सगळ्या गटांचं वेगवेगळं ठरलं होतं, खरंच. आम्ही भांडलोसुद्धा, तुम्हाला कोण करणार म्हणून. पण घरच्यांना समजेल असं सांगायला बसलो की आपोआप तुमच्यासारखंच बोलायला यायचं. दुसऱ्या कशा पद्धतीने सांगतात, तेच आम्हाला येत नाही."

मी "बरं" म्हणालो. फार बरं वाटत होतं. तिला म्हटलं, पळ, आजच पाठव.

फाटकापर्यंत तिच्याबरोबर गेलो. तिची आई दाखल्यासाठी काम टाकून आली होती, गळ्यात मापाची टेप तशीच. आम्ही कधी भेटलो नव्हतो. मी अजून वीसेक पावलांवर होतो, तोच त्या बाई हसत पुढे आल्या आणि नमस्कार करून म्हणाल्या, "सर ना? लांबूनच ओळखलं."

मी विचारलं, "कसं काय? आपली तर कधी गाठ पडली नाही."

"अहो असं कसं," त्या म्हणाल्या, "वर्ष होत आलं, मी मशीनवर बसले की तुम्ही रोज संध्याकाळी आमच्या घरी शिकवायला असता."